पियानोत बल्ब लावणारे मास्तर

मास्तर गेले आणि इंग्रजी पेपरांत त्यांच्यावर भलेमोठे लेख आले. त्यांतला निम्मा मजकूर खोटा होता आणि उरलेला निम्मा कुणाला न विचारता लिहिलेला होता. "मुळशीच्या डोंगरांच्या कुशीत, तळ्याकाठच्या निवांत घरात या थोर जॅझ पियानोवादकाने अखेरची वर्षं शांततेच्या साधनेत घालवली," असं एकानं छापलं. तो पेपर मी टपरीवरच चुरगळला. टपरीवाला म्हणाला, "ताई, पेपर माझा हाय."

कसली कुशी आणि कसलं तळं! मास्तर आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. माण संपून घोटावड्याकडं जाताना जो धुळीचा पट्टा लागतो, त्यात आमचं गाव आहे. मास्तरांच्या खिडकीसमोर काँक्रीट कालवायचा प्लांट, डाव्या हाताला हिंजवडीचे टॉवर, खाली कंपनीच्या कॅबवाल्यांचे हॉर्न, आणि घरामागं ओढा. तळं बघायचं असेल तर मास्तर पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये बघायचे.

आणि शांततेसाठी आले म्हणे! मास्तर इथं आले तेच मुळी गोंगाटासाठी. मुंबईत त्यांच्या सोसायटीनं रियाजावरून त्यांचा छळ मांडला होता. वरच्यांची झोप, खालच्यांच्या परीक्षा, शेजारच्यांचं ब्लडप्रेशर, सगळं यांच्या पियानोमुळं. शेवटी हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्यानं आमची खोली शोधून दिली आणि मामांना इथं टाकून तो स्वतः अमेरिकेला पळाला. खोली बघायला आले तेव्हा समोरचा प्लांट धडधडत होता. मास्तर खिडकीत उभे राहिले, कान दिला आणि आप्पांना म्हणाले, "हे कधी बंद होतं?" आप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरले. "दिवाळीत दोन दिवस बंद असतंय की," म्हणाले.

"छान. मग माझ्याबद्दल तक्रार करायला कुणाला सवडच मिळणार नाही," मास्तर म्हणाले आणि तिथंच खोली पक्की झाली.

पियानो आला तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. जिन्यातून तो चढेना. मग हायड्रा क्रेन मागवली, पट्टे बांधले आणि ते काळं धूड गॅलरीतून आत घेतलं. गॅलरीला तेव्हा ग्रिल नव्हतं, वर तिसरा मजलाही नव्हता. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक नामाआण्णा मान वर करून बघत होते. "कपाट लई जड दिसतंय," म्हणाले. "आधी झाकान उघडून बघा, आत कोन बसलंय का."

गावानं त्यांना मास्तर हे नाव दिलं, कारण पेटीसारखं काहीतरी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणणार? मला वाटलं चिडतील. परदेशात रेकॉर्डी निघालेला माणूस! पण ते खूश झाले. त्यांचे वडील सांगलीकडं लग्नाच्या बँडचे मास्तर होते. लहानपणी हेही क्लॅरिनेट वाजवत वरातीत चालायचे. मिशनच्या शाळेत पियानो होता, प्रार्थनेला वाजवायला माणूस नव्हता, म्हणून यांना बसवलं. यांनी प्रार्थनेच्या मधल्या जागांत वरातीचे तुकडे घातले. फादरनं हाकललं. "पण पोरं पहिल्यांदा प्रार्थनेला वेळेवर यायला लागली होती," असं ते सांगायचे, आणि अख्ख्या आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीचा त्यांना खरा अभिमान होता.

बाकीची कारकीर्द ते भाजीच्या हिशेबात सांगायचे. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवलं: "लोक चावत होते, मी साथ करत होतो." मग जहाजावर: "तिथं लोक चावून झालेलं बाहेर काढत होते." मग युरोपातले क्लब, स्वतःचा बँड, स्वतःच्या रचना, त्यांच्या रेकॉर्डी. एक कसला तरी मोठा पुरस्कार मिळाला, त्याचं काचेचं जाडजूड सन्मानचिन्ह होतं. त्यानं ते लसूण ठेचायचे. मी एकदा म्हटलं, अहो मास्तर, हे शोभतं का? तर म्हणाले, "बुड सपाट आहे. जगातल्या बहुतेक पुरस्कारांना एवढंही जमत नाही."

रचनांची नावंही तशीच. ज्या गोष्टीनं रियाज मोडला, तिचं नाव त्या दिवशीच्या धूनला. 'गॅस संपला'. 'लिफ्टमध्ये कोण आहे'. 'चौकात अडकलेली कॅब', ही इथं आल्यावरची. 'शेजारणीचा मिक्सर' नावाची एक फार गाजलेली रचना आहे. तिच्याबद्दल तिकडच्या एका समीक्षकानं लिहिलं होतं की, या वादनात पूर्वेकडच्या ध्यानपरंपरेचा गूढ झंकार ऐकू येतो. मास्तरांनी मला ते कात्रण वाचून दाखवलं आणि म्हणाले, "चटणी होती. खोबऱ्याची. रोज सकाळी."

पण गावात त्यांची एकच रचना सगळ्यांना पाठ होती. ती म्हणजे पाइपच्या जाहिरातीची. पडत्या काळात कधीतरी त्यांनी एका पाइप कंपनीला धून करून दिली होती. ती एवढी वर्षं रेडिओवर, टीव्हीवर, मॅचच्या मधे वाजतेय. गावातलं शेंबडं पोरही ती गुणगुणतं. ती यांची आहे हे कळल्यावर मास्तरांची इज्जत एकदम वाढली. युरोप वगैरे ठीक आहे, पण पाइपचं गाणं म्हणजे काय!

कपड्यांचंही असंच. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला काळा बो, आणि खाली चौकड्याची लुंगी. हॉटेलात इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं ठाम मत झालं होतं की गिऱ्हाइकाला पियानोवाला फक्त कमरेच्या वर दिसतो. त्याच वेशात ते टपरीवर यायचे. तिथं गिऱ्हाइकाला सगळंच दिसायचं.

आणि तो बल्ब. पावसाळा आला की पियानोच्या पोटात मास्तर एक पिवळा बल्ब लावून ठेवायचे. रात्रंदिवस. दमट हवेनं आतलं लाकूड आणि हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा फुगतो, अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या अडकतात, म्हणून ही ऊब. आप्पांना काही ते पटेना.

"मास्तर, दिवसाढवळ्या कपाटात दिवा कशाला ओ? पिल्लं उबवताय का काय आत?"

"हो. अठ्ठ्याऐंशी आहेत. एकही अंडं देत नाही."

"मग इका की."

"कोण घेतंय, आप्पा? तुम्ही घ्या."

आप्पा जिना उतरताना कपाळाला हात लावायचे. पण लाइट गेली की अंधारात पहिली हाक आप्पांचीच यायची, "मास्तर, तुमची पिल्लं गारठली का?"

आता माझं. मी या गावात पत्रकं काढते. कॉलेजात असल्यापासून. रस्त्याचं पत्रक, टँकरचं पत्रक, कचरा जाळण्याचं पत्रक. लोक म्हणतात हिला लग्नाची पत्रिका सोडून सगळं छापता येतं. म्हणू देत. आमच्या घरामागून जो ओढा जातो, तो टेकडीवरून खाली नदीला मिळतो. पलीकडं टॉवर बांधणाऱ्या एका बिल्डरला तो ओढा पाइपात घालून वरून रस्ता काढायचा होता. त्यासाठी त्याला ग्रामसभेची ना हरकत हवी होती. आधीच राडारोडा टाकून टाकून त्यानं ओढ्याचा गळा आवळला होता. आदल्या पावसात पाणी फिरलं आणि थेट आमच्या तळमजल्याच्या खोल्यांत शिरलं. भाडेकरू पोरांच्या गाद्या पोहत होत्या. एक लातूरचा पोरगा लॅपटॉप डोक्यावर धरून उभा होता, गावदेवीचा कळस धरावा तसा.

आणि आप्पांनी काय केलं? भिंती खरवडल्या, वॉटरप्रूफचा रंग मारला, आणि आम्हा सगळ्यांना तंबी दिली. "पानी आलं व्हतं म्हून कुटं बोलायचं न्हाई. एकदा खोलीचं नाव खराब झालं की कुत्रं बी भाड्यानं ऱ्हानार न्हाई." शेती विकून या खोल्याच तर उरल्या होत्या. शिवाय रस्ता झाला तर दारात चारचाकी येईल, भाडं वाढेल. म्हणजे माझे वडील बिल्डरच्या बाजूला, आणि त्या बिल्डरचं पाणी वडिलांच्या खोलीत. मी हे पत्रकात घालायचं ठरवलं तर आप्पा म्हणाले, "घाल. आन मग त्येच पत्रक आंथरून देवळात झोप."

मी घातलं नाही. ते सोडून बाकी सगळं घातलं. आणि ग्रामसभेत बोलायला उभी राहिले. सगळं बोलले. नदी, निसर्ग, कायदा, पुढच्या पिढ्या, भांडवल. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता, हे मी आजही सांगते. पण माझा शेवटचा मुद्दा येईपर्यंत माणसं एकेक करून उठली आणि गणपूर्तीच राहिली नाही. सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही, चार टाळकी बसवून ठराव मंजूर करता येतो. बिल्डरच्या माणसानं मला हसत हसत हात जोडले. मी ज्या लोकांसाठी घसा फोडत होते ते लोक समोर भजी खात उभे होते. डोकं फिरेल नाहीतर काय?

तशीच तणतणत दुसऱ्या मजल्यावर गेले. मास्तर भेंडी चिरत होते.

"ये, पत्रकबाई. हरलीस?"

"लोक नालायक आहेत."

"असतात. मी हॉटेलात वाजवलंय, मला नको सांगू. काय बोललीस?"

मी पत्रक पुढं केलं. भाषण म्हणजे तेच होतं. मास्तरांनी हात पुसले, पत्रक पियानोवर उभं केलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. प्रत्येक उद्गारचिन्हाला दोन्ही हातांनी एक दणका. मी एकेका वाक्याला तीन तीन उद्गारचिन्हं देते. पहिला परिच्छेद संपेपर्यंत खालचे भाडेकरू बाहेर आले होते. दुसऱ्या परिच्छेदाला समोरच्या प्लांटवरच्या माणसानं मान वळवून बघितलं. पान संपलं तेव्हा मास्तर घामाघूम झाले होते.

"एवढी उद्गारचिन्हं आणतेस कुठून? होलसेलनं?"

"विषयच तसा आहे."

"असेल. पण हे सगळे ढोलवालेच आहेत. वरात चाललीय, नवरदेव कुठंय?"

मी म्हटलं, मास्तर, माझी चेष्टा करू नका, माझा ओढा चाललाय. त्यांनी पहिल्यांदाच बो सैल केला. "चेष्टा नाही करत," म्हणाले. "नामाआण्णाला विचार, त्याच्याशी मी काय केलं."

नामाआण्णांचं प्रकरण गावाला माहीत होतंच. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला चिकुनगुनिया झाला होता, म्हणून एका एकादशीला मास्तरांना पेटीवर बसवलं होतं. आता भजनात पेटीनं काय करायचं? गाणारा जिथं जाईल तिथं मागोमाग जायचं. मास्तर गेलेच नाहीत. आण्णांनी ओळ टाकली की हे गप्प. आण्णा श्वास घ्यायला थांबले की त्या फटीत दोनच सूर, असे काही तिरपे, की पखवाजवाला पोरगा गालात हसायला लागला. आण्णांनी अभंग मधेच तोडला.

"मास्तर, तुमी माझ्या मागनं या की! मधीच आडवं काय येताय?"

"मागनं आलो तर तुम्ही मागं वळून कशाला बघाल?"

"मला बघायचंच न्हाई! मला गायाचंय!"

"मग गा. मी 'मग?' म्हणतोय फक्त. तुम्ही शेतातली गोष्ट सांगताना समोरचा 'मग?' म्हणतो की नाही? का तुमचीच गोष्ट तुम्हाला परत सांगतो?"

आण्णांनी त्यांना त्या दिवशी उठवलं. मंडळात बंदी. पेटीवाला बरा झाला, मागोमाग वाजवायला लागला. पण पुढच्या एकादशीला आण्णा स्वतः जिना चढून वर आले आणि दारातच म्हणाले, "चला. आता त्ये गार लागतंया." मास्तरांनी लुंगी बदलली, बो तोच ठेवला आणि गेले. गायक त्यांच्यावर खेकसायचा, हे त्या गायकाला 'मग?' म्हणायचे. वर्षानुवर्षं चाललं ते.

"जॅझमध्ये याला साथ म्हणतात," मास्तर मला म्हणाले. "दुसरा बोलत असताना तोंड बंद. तो थांबला की, बाबा, मी ऐकतोय, एवढंच सांगायचं. मी आयुष्यभर हुंकार देण्याचे पैसे घेतले. पण तू थांबतच नाहीस. हुंकार द्यायचा कुठं? तुझ्या भाषणात माणसाला आत यायला दारच नाही, म्हणून माणूस भजी खायला जातो."

हिंजवडीच्या एका टॉवरच्या क्लबहाउसात त्यांनी हेच सांगितलं होतं. तिथल्या लोकांनी जॅझ संध्या ठेवली होती, मीही गेले होते. एका कंपनीतल्या साहेबानं डोळे मिटून विचारलं, "सर, जॅझ इज बेसिकली फ्रीडम, राइट?" मास्तर म्हणाले, "नाही. दुसऱ्याचं संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. ते तुम्हाला मीटिंगमध्ये जमत नाही." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी ते वाक्य टी-शर्टवर छापलं. तो शर्ट घालून तो साहेब अजून मीटिंगमध्ये बोलत असेल.

मग मास्तरांनी मला शिकवायला घेतलं. त्याला शिकवणं म्हणायचं की मानहानी, तुम्ही ठरवा. मी पियानोच्या बाजूला उभं राहायचं, एक वाक्य म्हणायचं आणि गप्प बसायचं. ते वाटलं तर वाजवणार, नाहीतर नाही.

"आणि नाही वाजवलं तर?"

"तरी गप्प बसायचं."

"मास्तर, गप्प बसणं म्हणजे व्यवस्थेला सामील होणं."

"व्यवस्था मरू दे. समोर नामाआण्णा बसलाय, त्याला खोकायचंय. खोकू दे."

मी पुढचं वाक्य लवकर काढलं की ते धाडकन झाकण आपटायचे. बोटं जायची भीती त्यांची त्यांनाच. माझा रोज अपमान, रोज भांडण. एकदा मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, तुम्ही तर पाइपची जाहिरात केलीत. ते दचकले नाहीत. "केली. चांगली धून आहे," म्हणाले. "नळ घालायला केली होती. ओढा घालायला नाही."

शेवटी भाषणाचं एकच वाक्य राहिलं. मी म्हटलं, हे काय भाषण झालं? मास्तर म्हणाले, "बाकीचं भाषण गावाकडं आहे. तू फक्त सुरू करून दे."

वाक्य होतं, "गेल्या पावसात ओढ्याचं पाणी कुणाच्या घरात शिरलं?" त्याचं उत्तर माझ्या घरात होतं. ते मी दिलं असतं तर आप्पा सगळ्यांदेखत उघडे पडले असते, आणि आमच्या खोल्याही. नाही दिलं तर ओढा गेला. मी मास्तरांना विचारलं, उत्तर कुणीच दिलं नाही तर मी देऊ का? ते भाजी चिरायला लागले. "ते माझ्या विषयातलं नाही," म्हणाले.

तहकूब सभा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरली. बिल्डरची माणसं पुढं, खुर्च्यांवर. गावातली मोजकी माणसं खाली सतरंजीवर. आप्पा खांबाला टेकून. मागं, चपलांच्या शेजारी, शर्ट, बो आणि लुंगी. मी उभी राहिले तसं बिल्डरच्या एका माणसानं मोबाईलवर पाइपची धून लावली. हशा झाला. "ताई, तुमच्या मास्तरांचंच गानं हाय! त्यांचा तरी मान ठेवा!" सगळे वळून मास्तरांकडं बघायला लागले. मास्तरांनी मान डोलावून ताल दिला आणि तुकडा संपल्यावर म्हणाले, "छान. आता बंद कर, ती बोलतीय."

मी म्हटलं, "गेल्या पावसात ओढ्याचं पाणी कुणाच्या घरात शिरलं?"

आणि थांबले.

तुम्ही कधी ग्रामसभेत गप्प उभे राहिला आहात का? पंखा ऐकू येतो. कुणाच्या तरी पिशवीतलं प्लॅस्टिक ऐकू येतं. माझ्या तोंडात पुढची वाक्यं रांग लावून उभी होती, धक्काबुक्की करत होती. सरपंचांनी घड्याळ बघितलं. आण्णा खोकले. मला हसू फुटायचंच बाकी होतं.

सगळ्या गावाला उत्तर माहीत होतं. आमच्या पार्किंगमधून वाहत गेलेल्या चपला खालच्या आळीला सापडल्या होत्या! पण आप्पांकडं कुणीही बघितलं नाही. एकजात सगळी माणसं सतरंजीकडं, छताकडं, मारुतीकडं बघत होती. त्याचंच आप्पांना जास्त लागलं असावं. त्यांनी खांब सोडला, पुन्हा टेकले. घसा साफ केला.

"आलं व्हतं," आप्पा म्हणाले. कुणाला सांगतायत ते कळत नव्हतं. "थोडं आलं व्हतं."

सरपंच म्हणाले, "बरं, मग ठराव..."

"मग?" नामाआण्णा मधेच म्हणाले. सरपंचांना नाही, आप्पांना. अगदी हलक्या आवाजात, फटीत घातल्यासारखं.

आप्पा उभे राहिले. "थोडं कशाला, गुडघ्यावर आलं व्हतं. माज्या चारी खोल्यांत. पोरांच्या गाद्या म्या सोता खांद्यावर घेऊन वर न्हेल्या. भिंतीला रंग मारलाय त्यो खोटा हाय, मागनं वल हाय अजून."

"मग?"

"मग काय मग! उघड्या वढ्यात एवढं, पायपात घातल्यावर कुटं जाईल त्ये? माज्या डोस्क्यावर?" आप्पांचा आवाज एकदम चढला. "रस्ता मला बी पायजे. पन रस्त्यानं भाडेकरू येनार आन वढ्यानं जानार, आसं कसं चालंल?"

मग सभामंडपात जे झालं त्याला सभा म्हणत नाहीत. खालच्या आळीची बाई उठली, तिच्या गोठ्यात पाणी आलं होतं. पखवाजवाला पोरगा उठला. बिल्डरचा माणूस उठला, त्याला लोकांनी खाली बसवलं. मी तिथंच उभी होते आणि मला बोलायला कुणी जागाच देत नव्हतं. ना हरकत मिळाली नाही. पुढं बिल्डरला राडारोडाही काढावा लागला, त्यासाठी मात्र मी उद्गारचिन्हं वापरली, मास्तरांना न विचारता.

सभेनंतर बघितलं तर मास्तर मागं नव्हते. धावत वर गेले. ते पियानोवर बसले होते, वाजवत नव्हते.

"मास्तर, ऐकलंत ना? आप्पा बोलले!"

"ऐकलं. आण्णानं जागा बरोबर पकडली. मेल्याला मीच शिकवलंय आणि मलाच ओरडतो." मग मला विचारलं, "तू किती वेळ थांबलीस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही ना? मग बरोबर थांबलीस." एवढंच कौतुक. लगेच पुढं, "पण हात नको चोळूस उभं राहिल्यावर. दिवाळीचा बोनस मागायला आल्यासारखं दिसतं."

मास्तर गेले ते पिरंगुटला दाताच्या डॉक्टरकडं, नंबर यायच्या आधी, बाकावर बसल्या बसल्या. हे कुठल्याही पेपरनं छापलं नाही, कारण यात डोंगराची कुशी नाही. बो होता. भाचा अमेरिकेतून आला, त्यानं पियानो न्यायचा म्हणून माणसं बोलावली. पण एव्हाना वर तिसरा मजला झालाय, गॅलरीला ग्रिल बसलंय आणि जिना आहे तेवढाच आहे. माणसं पियानो बघून, चहा पिऊन गेली. भाचा म्हणाला, "असू द्या तुमच्याकडंच."

आता ती खोली एका नागपूरच्या पोराला दिलीय. तो बघायला आला तेव्हा आप्पा त्याला अटी सांगत होते, मी जिन्यात होते.

"खोली तुमची, पन ह्ये कपाट हलवायचं न्हाई. आन पावसाळ्यात आतला दिवा इझवायचा न्हाई. त्याचं बिल माझं."

पोरानं पियानोकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. मग मागच्या खिडकीतून वाकून खाली बघत म्हणाला, "काका, ये नाला... म्हणजे पावसात पाणी वगैरे येतं का इथं?"

या प्रश्नाला आप्पांचं उत्तर कायम तयार असायचं. प्रश्न पुरा व्हायच्या आत "न्हाई" येऊन पडलेलं असायचं. या वेळी ते थांबले. खाली ओढा वाजत होता. समोरचा प्लांटही चालू होता. पोरगा वाट बघत उभा राहिला.

"यायचं," आप्पा म्हणाले. "आता न्हाई येत."

"मग?" मी जिन्यातून म्हटलं.

"मग काय मग," आप्पा माझ्यावर खेकसले, आणि त्या पोराला खाली बसवून पहिल्यापासून सांगायला लागले.